पापुद्रा

"ह्योच का?" सगुणाबाईनं विचारलं.

पिंजऱ्यातला बिबट्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाठीचा कणा वर आलेला, अंगावर माश्या. जवळच सकाळच्या मांसातलं एक हाड वाळत पडलेलं.

वाळू नावाच्या रखवालदारानं झाडू गजांना टेकवला. "पाटीवर निफाड लिहिलंय, मावशी. तिकडच्या उसातूनच धरलेला. बाकी तो काय सोताहून सांगत नाय."

"ह्योच," शेखर म्हणाला. "पाहिला ना? चला आता."

शेखर तिचा थोरला. द्राक्षांचा व्यापारी. कुठलीही वस्तू दिसली की तिचं वजन आणि भाव त्याच्या डोळ्यांत आधी उमटायचा. सकाळपासून मगर त्याला तिकिटाच्या मानानं लहान वाटली होती. मोरांना पिसारे नव्हते म्हणून त्यानं तिकीटवाल्याला टोमणा मारला होता, आणि झोपलेल्या साळिंदराला पाहून "ह्याला फुकट पोसतात" असंही म्हणून झालं होतं. आईनं हट्टच धरला म्हणून तो नाशकात आधी इकडे वळला. इथून सरळ रजिस्टर ऑफिसात जायचं होतं. धाकट्या दत्तूच्या वाट्याच्या जमिनीवरचा हक्क त्याच्या आईनं आणि बायकोनं शेखरच्या नावानं सोडायचा होता. पोरबाळ नसलेल्या विधवेला जमीन कशाला, हे त्यानं साऱ्या भावकीकडून वदवून घेतलं होतं. स्वतःच्या तोंडानं मात्र एकदाही म्हटलं नव्हतं.

ती विधवा, मनीषा, कठड्यापासून लांब उभी होती. बिबट्याकडे तिनं अजून पाहिलंच नव्हतं. पिंजऱ्यामागचा नळ गळत होता, त्या धारेवर तिची नजर खिळली होती. दत्तूला बिबट्यानं नेलं, त्या दिवशी तो उसाला पाणी भरायलाच गेला होता.

सगुणाबाईनं पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली.

"हे काय काढलं तू? भाकर?" शेखर हसला. "त्याला? अगं, त्याला भाकर चालत असती तर आपला दत्तू..."

वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. कुठं थांबायचं हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

"त्याला नाय," सगुणाबाई म्हणाली. "दत्तूला आणलीय."

दहाव्याला गंगेवर कावळा शिवला नव्हता. भात वाळून चालला, ऊन चढलं. एकेक जण पुढं येऊन हात जोडून सांगत होता. मामा म्हणाला, तुझ्या नावानं पाणपोई काढू. चुलता म्हणाला, तुझ्या आईला अंतर देणार नाय. शेखर म्हणाला, देवळाला कळस चढवू. कावळा घाटाच्या भिंतीवर बसून पंख साफ करत राहिला. शेवटी शेखर घड्याळ बघत म्हणाला, "गुरुजी, कावळा-बिवळा सगळं थोतांड हाय. तुमचा दर्भाचा करा अन् शिववा." दर्भाचा कावळा पिंडाला लावला आणि माणसं जेवायला उठली. सगुणाबाईच्या जिभेवर तेव्हा एक वाक्य आलं होतं. शेखर शेजारीच बसला होता. तिनं ते गिळलं.

आता तिनं भाकरी कठड्यावर ठेवली. वरचा पापुद्रा हळूच सोलला, त्याला जरा तूप लावलं आणि तो वेगळा मांडला. दत्तू आधी तोच खायचा. भाकरी तव्यावरून उतरायच्या आत पापुद्र्यासाठी हात पुढं.

"आत काय टाकू नका, मावशी," वाळू म्हणाला.

"नाय टाकत, बाबा. हितंच ठेवते."

तिनं पदर सावरला. पिंजऱ्यातल्या त्या पाठीला हात जोडले.

"दत्तू, तुझा वाटा मनीषाचा. मी सही करायची नाय. तिलाबी करू द्यायची नाय."

नळाकडची नजर पहिल्यांदा वळली. "आत्या..." मनीषा एवढंच म्हणाली.

"आई!" शेखर अजून हसतच होता. "बिबट्यापुढं काय बडबडते? लोक बघतील."

बघायला तिथं वाळूशिवाय कुणी नव्हतं. आणि एक कावळा. तो पिंजऱ्याच्या छपरावर कधी येऊन बसला, कुणाला कळलं नाही. त्यानं मान तिरकी केली. मग खाली कठड्यावर उतरला. दोन उड्या पुढं आला.

शेखरचं हसू गेलं.

"हुश्श!" तो धावला. हातातली कागदांची पिशवी त्यानं कावळ्यावर फिरवली. भाकरी खाली मातीत पडली. "हुश्श! हुश्श! चल, हट!"

"अहो साहेब," वाळू दचकून म्हणाला, "कावळाच हाय तो."

कावळा उडाला, पण बाहेरच्या बाजूला नाही. पापुद्रा चोचीत धरून तो गजांमधून आत गेला आणि बिबट्याच्या पाठीमागं, त्या हाडाजवळ उतरला. पापुद्र्यावर पाय दिला. चोच मारली. बिबट्यानं मान उचलून मागं पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे वळवली. कावळा खात राहिला.

शेखरचा हात कठड्यावरून पुढं, गजांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"हाकल ना," सगुणाबाई म्हणाली. "हाकल आता."