चार्जर वीज घेईना

“चार्जर नखरे करायला लागला, की आधी जनरेटर बघावा,” असं वायरमनचे उस्ताद फार पूर्वी सांगायचे. तरी वायरमन दुपारभर बोटीवरच्या चार्जरशीच झटत बसला होता. पायाखाली जात्यासारखी संथ घुमघुम चालू होती. चार्जर टक्‌ करून वीज घ्यायचा आणि लगेच सोडून द्यायचा. बॅटरी संपली, की तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडणार होता.

“वहिनी, उठा बरं. झाकण उघडून जनरेटरच बघतो.”

जनरेटरच्या खणाच्या झाकणावर बसलेल्या बोटीच्या मालकीणबाई हलल्या नाहीत. “चार्जरलाच समजवा ना, भाऊ. घे म्हणावं.”

“तो काय माझा जावई आहे, समजूत काढायला?”

त्या हसल्या नाहीत. खालची घुमघुम वाढली. मीटरचा काटा थरथरला.

“खाली जनरेटर नाही, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “हे गेले, त्याच आठवड्यात मी तो काढून दिला.”