आईची एकवीस वर्षं

सोमवार. बाकी ३:४०

"गुरुवारी माझी वाट बघू नकोस," टेलरबाई म्हणाली. "मी येणार नाही."

टेक्निशियननं मशीनवरचा बाकी वेळेचा आकडा पाहिला, नळी चाचपली आणि स्टूल ओढून बसली. टेलरबाईचं हे तिसरंच डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. न आल्यास काय होईल ते डॉक्टरांनी सांगून झालं होतं. तिनं ऐकूनही घेतलं होतं.

"का हो, मावशी?"

"जन्मभर कापडाला सुया टोचल्या. आता कापड मीच झाले. आणि कशासाठी? पोरगी बारावीला आहे. तिनं अभ्यास करायचा की माझी पथ्यं सांभाळायची?"

"मी दुसरीत होते, तेव्हा माझी आई मशीनवर आली."

टेलरबाईनं मान वळवली.

"सुयांचा हात दुखायचा. तो उशीवर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं माझी वेणी घालायची. एका हातानं कशी होणार वेणी? एक पेड मी दातात धरायचे. शाळेत बाई विचारायच्या, हिची एकच बट ओली कशी?"

टेलरबाई हसली. हसल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

"किती दिवस काढले मग तिनं?"

"दिवस? एकवीस वर्षं."

शेजारच्या खाटेवर पेपर सळसळला. त्यामागे निवृत्त मास्तर होते. या खोलीत त्यांचं नववं वर्ष.

"ऐका, बाई," ते पेपरामागून म्हणाले. "गोष्ट चांगली आहे."

गुरुवार. बाकी २:१५

"पोरीनं ढकललं म्हणून आले," टेलरबाईनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. आता दोन तास होत आले होते आणि तिचे ओठ सुकले होते. पाणी मोजून प्यायचं, तेही घोटघोट.

"तहान लागली की काय करायची गं तुझी आई?"

"द्राक्षं फ्रीजरमध्ये गोठवायची. तासाला एक, चघळत बसायची. सहाव्या वर्षी सुचलं तिला ते."

मास्तर खोकले.

"आणि चहा?" टेलरबाईनं विचारलं.

"चहाला शिवायची नाही."

"जिना? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक स्टूल ठेवलं होतं तिनं. तिथं बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायची. घरी पोचेपर्यंत अख्ख्या इमारतीची खबर तिच्याकडे. आठव्या वर्षाची गोष्ट."

"बाई पक्की होती म्हणायची. मग गेली कशानं?"

"ते सोमवारी."

"सोमवारी मी काही येत नाही."

"बरं. मग राहिलं."

टेलरबाई सोमवारी आली. मुलीनं ढकलायच्या आधीच चपला घालून बसली होती. पण त्या सोमवारी आईचं दहावं वर्ष निघालं. ती सायकल शिकली ते.

असाच एक सोमवार. बाकी १:०५

"थांब. चहाला शिवायची नाही म्हणाली होतीस ना? आज अर्धा कप कशी पितेय?"

"माणूस बदलतं की, मावशी."

"आणि मागच्या महिन्यात ती डावखुरी नव्हती."

टेक्निशियननं मशीनकडे पाहिलं. "उशी सरकवू का जरा?"

"अगं, आई आहे की आगगाडी? दर स्टेशनाला नवा डबा जोडतेस!"

मास्तरांना एवढं हसू आलं की नळ्या हलल्या. टेक्निशियननं त्यांना दटावलं. ते शाळेतल्या पोरासारखे गप्प झाले.

टेलरबाईनं पुन्हा मशीन चालवायला घेतलं होतं, शिवणाचं. त्या दिवशी ती स्वतःसाठी शिवलेला झगा घालून आली होती. बाही वर सरकवली की दंडाला काचायची, म्हणून तिनं ती उसवली होती आणि मनगटापासून खांद्यापर्यंत टिचबटणं लावली होती. टचटच उघडायची, टचटच मिटायची.

टेक्निशियननं ती उघडून पाहिली. मिटली. पुन्हा उघडली.

"कसं सुचलं?"

"दोन महिने बाहीला शिव्या घातल्या, मग सुचलं."

पाच महिन्यांनी. गुरुवार. बाकी ३:५०

समोरच्या खाटेवर नवा माणूस आला होता. ट्रक ड्रायव्हर, दारातून वाकून येण्याएवढा उंच. चादर मुठीत आवळून तो म्हणत होता, "काढा हे. मला घरी जायचंय."

टेक्निशियननं स्टूल ओढलं. "मी दुसरीत होते, दादा, तेव्हा माझी आई मशीनवर आली."

टेलरबाई डोळे मिटून ऐकत होती. आता तिला सगळं पाठ होतं. वेणी आली. द्राक्षं आली. जिन्यावरची स्टुलं आली. ड्रायव्हरची मूठ थोडी सैल झाली असावी, कारण त्यानं विचारलं, "मग?"

"मग बाह्या! दोन महिने बाहीला शिव्या घातल्या तिनं. एके दिवशी सरळ उसवली आणि खांद्यापर्यंत टिचबटणं लावून टाकली. तेराव्या वर्षी."

टेलरबाईनं खाडकन डोळे उघडले. "अगं..."

"बाई," मास्तर हळूच म्हणाले. "पडून राहा."

"अहो, पण ती बाही तर..."

"द्राक्षं माझी. स्टुलं सहा नंबरच्या खाटेवरच्या आजींची. आजी गेल्या, स्टुलं राहिली."

टेलरबाईनं आवाज खाली आणला. "मग हिची आई?"

मास्तरांनी दोन बोटं वर केली. "दोनच वर्षं. ही चौथीत होती तेव्हा गेली."

पलीकडे कुठलंसं मशीन वाजलं आणि टेक्निशियन उठून गेली. ती लांब गेल्याची खात्री करून ड्रायव्हरनं टेलरबाईकडे मान वळवली.

"काकू, यांच्या आई खरंच एकवीस वर्षं जगल्या?"

"जगल्या म्हणजे?" टेलरबाई म्हणाली. "अहो, अजून आहेत."