हिरवा चेहरा

“अगं चोरटे, हा हिरवा तर माझाच आहे,” बाबा कॅनव्हासला नाक लावत म्हणाले.

ती चिंधीला बोटे पुसत राहिली. ते ओळखतात का, एवढेच तिला पाहायचे होते.

आईचे ते गाजलेले चित्र बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी काढले होते. हिरवा चेहरा, ताणलेली मान, उघडे तोंड, भोवती काळ्या रेषांचे फटकारे. जाणकारांना त्यात युगाची वेदना दिसली. पाहुणे चित्रासमोर माना डोलवू लागले की आई चहाच्या निमित्ताने आत जाई. त्याबद्दल तिने जन्मात ब्र काढला नाही. तिला जाऊन दोन महिने झाले होते. आणि आता तेच चित्र आजच्या चित्रकारांनी आपापल्या परीने पुन्हा रंगवायचे, असे प्रदर्शन भरणार होते. मधल्या भिंतीवर लेकीचेच चित्र लागले पाहिजे, हा बाबांचा हट्ट. महिनाभर तिने रंग लावला नव्हता, सुरीने मारला होता.

बाबा परीक्षकासारखे दोन पावले मागे सरले. “सुरीचा हात चांगला बसलाय. रेघही दणदणीत. पण मूळ चित्रातली बाई कुठे गेली? हा बाप्या कोण घुसवलास?”

कॅनव्हासवरचा हिरवा माणूस एक डोळा मिटून, हात लांब करून, ब्रशच्या दांडीवर समोरचे काहीतरी मोजत होता.

“डोळा मात्र झकास. इतकं थंड बघणारा माणूस तुला भेटला कुठे?”

तिने चिंधी खाली ठेवली.

“आईला त्या दिवशी दम्याचा झटका आला होता, बाबा. तोंड उघडलं होतं ते श्वासासाठी. मी सहा वर्षांची. पंप घेऊन दारात उभी होते. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, थांब, दोन मिनिटं.” तिचा आवाज चढला नाही. “तेव्हा खुर्चीतून आईला जे दिसत होतं, ते काढलंय मी.”

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ती वाट पाहत राहिली. चुकलो, एवढा एकच शब्द तिला हवा होता.

“दोन नाही,” चित्रावरची नजर न हलवता ते म्हणाले. “वीस मिनिटं. ते तोंड काही केल्या जमतच नव्हतं.”