पूजेतला लॅपटॉप

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची खंडेनवमी. माझ्या शिलाई मशीनशेजारी माझ्या मुलानं, भूषणनं, आपला लॅपटॉप पूजेला मांडला. कंपनीनं त्याला आठवड्यापूर्वीच काढलं होतं आणि लॅपटॉप आता त्याचा पासवर्डही ओळखत नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या आईला, मालनला, मात्र त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी दारात कुरिअरवाला आला. "कंपनीचा लॅपटॉप परत न्यायचाय."

भूषण मान खाली घालून उभा राहिला.

"पूजेतलं हत्यार आज हलवत नाहीत, भाऊ," मी म्हणालो. "उद्या दसरा. परवा या."

कुरिअरवाल्यानं चपला काढल्या, नमस्कार केला आणि तो गेला.

"कोण होतं?" आतून मालननं विचारलं.

"कंपनीचा माणूस. पाया पडून गेला," मी सांगितलं.

"बघ भूषण, घरच्यासारखं वागवतात तुला. सोडू नकोस ती कंपनी."

"नाही सोडत, आई."

लॅपटॉप गेला, तरी भूषण रिकामी बॅग पाठीला लावून रोज नऊला बाहेर पडत राहिला. संध्याकाळी आईला ऑफिसातल्या गमती सांगायचा. वसुबारसेलाही तो नऊलाच निघाला. मालन त्याच दिवशी सकाळी दहाला वारली.