ऐन उन्हाळ्यातली रोषणाई

“स्वेटर काढू नका, काका! अजून शॉट बाकी आहे,” हेडफोनवाली मुलगी अंगणातून ओरडली.

ड्रायव्हरकाकांनी अर्धवट वर घेतलेला स्वेटर निमूटपणे खाली ओढला. ऐन उन्हाळा होता. मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पण टीव्हीवर कार्यक्रम दाखवणार वर्षअखेरच्या सुट्टीत, त्यामुळे आज सगळ्या गल्लीला थंडी वाजत होती. समोरच्या घरातला चष्मेवाला तर मफलर गुंडाळून कुडकुडायची तालीम करत होता.

काकांनी जन्मभर बस चालवली. एकच हौस होती, वर्ष संपताना घर दिव्यांनी मढवायचं. माळा जुन्या, ठिकठिकाणी जोडलेल्या. समोरच्या चष्मेवाल्यालाही तोच नाद. दोघांत शिडी एकच होती, ती कधी या अंगणात तर कधी त्या. बायको मात्र दरवर्षी कपाळाला हात लावायची. “पुरे झाला हा पोरखेळ,” म्हणायची. आणि यंदा तिनेच टीव्हीवाल्यांना फोन करून रोषणाईच्या स्पर्धेत नाव दिलं! काका इतके हरखले, की असं अचानक काय झालं हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

सकाळी ट्रक आला. टीव्हीच्या माणसांनी काकांच्या माळा उतरवून कोपऱ्यात ढीग केला आणि दुपारपर्यंत नवेकोरे दिवे घरभर चढवले. काकांचं काम एवढंच, की शिडीवर चढून, आधीच लावलेली माळ लावल्यासारखं करायचं.

“पण ही माझी रोषणाई कुठंय?” काका म्हणाले.

“घर तुमचंच आहे ना, काका?” मुलगी गोड हसली.

काकांनी तेही गिळलं. पण संध्याकाळी दिवे लागले आणि मुलीच्या हातातल्या छोट्या पडद्यावर त्यांना चष्मेवाला दिसला. तो कॅमेऱ्यासमोर बोट नाचवत सांगत होता, “समोरचा माणूस चोर आहे. दरवर्षी माझी कल्पना ढापतो. अशा माणसाचं मी तोंडही बघत नाही.”

काका तसेच रस्ता ओलांडून त्याच्या फाटकाशी गेले.

“मी चोर?”

चष्मेवाल्याने मफलर सैल केला. “अरे, ते मला त्यांनी म्हणायला सांगितलं. भांडण असल्याशिवाय बघतं कोण?”

“आणि तू म्हणालास?”

“टीव्हीवर आहे रे ते. मनावर काय घेतोस?”

दुपारी याच माणसाने काकांच्या घरचं सरबत पिऊन पेला परत दिला होता. काका मागे फिरले, तर दारात मुलगी वाटच बघत होती.

“आता तुमचं वाक्य, काका. काकूंच्या खांद्यावर हात ठेवायचा, दिव्यांकडे बघायचं आणि म्हणायचं, ‘ही पुढच्या वर्षी नसेल. म्हणून हे सगळं तिच्यासाठी.’”

काकांचा पारा चढला. “जीभ झडेल माझी! धडधाकट बायको आहे माझी. कुणाच्या डोक्यातून निघालं हे अभद्र?”

मुलगी गोंधळून काकूंकडे बघू लागली. काकू पदराने घाम टिपत होत्या.

“म्हणून टाका हो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सगळं जमून आलंय. आता अडून बसू नका.”

“तुला काही वाटत नाही?”

“म्हणा तर खरं.”

काकांनी म्हटलं. पहिल्यांदा बसथांब्याचं नाव पुकारल्यासारखं म्हटलं. मग पुन्हा, मग आणखी एकदा. शेवटी काय झालं कोण जाणे, ‘नसेल’ म्हणताना त्यांचा आवाज खरंच फुटला. शेजारी काकू तर प्रत्येक वेळी रडल्या, अगदी घळाघळा. कॅमेरावालासुद्धा डोळे पुसायला लागला.

मग परीक्षक आले, थक्क झाले, पुन्हा एकदा थक्क झाले आणि काकांच्या हातात चषक देऊन, तो परत घेऊन, समोर चष्मेवाल्याला द्यायला गेले.

“म्हणजे जिंकलं कोण?” काकांनी विचारलं.

“सध्या दोघंही. कुणाचं दाखवायचं ते नंतर ठरेल.”

“नका दाखवू माझं. पण ते वाक्य काढा,” काका म्हणाले. “मला चोर म्हणायला लावलंत, चालेल. दिवे तुमचे, तेही चालेल. पण माझ्या बायकोच्या जिवाबद्दलचं खोटं मी जगाला ऐकवणार नाही. उद्या नातेवाईक धावत येतील, त्यांना काय तोंड दाखवू?”

मुलीने हेडफोन उतरवला.

“काका, ते काकूंनाच विचारा,” ती हळूच म्हणाली.

काका तणतणत आत गेले. काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. स्वेटर काढून, घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवला होता. रडून रडून डोळे सुजले होते.

“काय अभिनय केलास गं!” काका म्हणाले. “मीच क्षणभर फसलो. बरं, ऐक. ती पोरगी वाक्य काढायला तयार नाही. तू बाहेर चल आणि सांग तिला, हे खोटं आहे म्हणून.”

काकू उठल्या नाहीत.

“तिला ते मीच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच फोनवर. तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटेना.”

“काय सांगायला?”

काकूंनी त्यांचा हात ओढून त्यांना शेजारी बसवलं.

“बाकी सगळं खोटं आहे, ते हवं तर काढायला सांगा. तेवढं एक वाक्य राहू द्या.”