एक पील

युगांडातल्या खेड्यात केळीचं उत्पन्न वाढावं, लोकांची गरिबी हटावी म्हणून मोहिनी वर्षभरासाठी स्वयंसेवक होऊन आली होती. रावेरहून आणलेला वडिलांचा, आबांचा विळा तिने पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या कोंबाला, पिलाला लावला. लहानपणी आबांमागे बागेत पिलं कापत हिंडताना फ्रॉकवर पडलेले चिकाचे डाग कधीच निघाले नव्हते. आबा म्हणायचे, "पील ठिवलं तं घड पोसत नही." तेच तिने दुभाष्याकरवी समजावलं. बाग जिची, त्या म्हातारीने हळूच विळ्यावर हात ठेवला. "घड उतरला की आई-केळ आडवी होते. तेव्हा शेजारी लेक नको का?" मोहिनीने विळा पुसून ठेवला आणि आबांना फोन लावला. ते एकटेच बागेत होते. "आबा, एखादं पील राहू द्या." पलीकडे केळीची पानं वाजली. "एक ठिवतोच," आबा म्हणाले, "तू गेल्यापासून."