वीतभर अंतर

वाडीच्या गोदामात पोती उचलणारा नत्थू सलग तीन वर्षं नागपुरातल्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत शंभर किलोंपाशी हरला. दांडा छातीवरून निघायचा आणि कपाळाशी येऊन अडायचा. “सोडून देतो वं आता,” तो बायकोला म्हणाला. देवकी म्हणाली, “जिथं अडते, तिथूनच उचला नं!” तिने अंगणातल्या कडुलिंबाला दोन दोर बांधले आणि वजनासकट दांडा त्याच्या कपाळाएवढ्या उंचीवर टांगला. तिथून वर वीतभरच ढकलायचं, म्हणून नत्थूला सव्वाशे किलोही पेलवू लागले. दर महिन्याला देवकी दोर दोन बोटं खाली सोडायची. वर्षभरात दांडा छातीपर्यंत उतरला. अडुसष्ट सालच्या स्पर्धेत शंभर किलो कपाळाशी आले, क्षणभर थांबले आणि वर गेले. हात ताठ झाले. पंच म्हणाले, “ठेवा खाली!” नत्थूने ऐकलं, पण गर्दीत देवकी दिसेपर्यंत वजन तसंच वर धरून ठेवलं.